मागच्या सीटवरचे हार्टविग

नाही, पण मला सांगा, शिकवणारा माणूस शिकवता शिकवता सॉसेज-पाव खातो का? तुम्हाला सांगते, आमचे हार्टविग खातात! वय शहात्तर, आमच्या जर्मनीतल्या र्‍होनच्या टेकड्यांवर ग्लायडर शिकवतात. म्हणजे काय, तर मागच्या सीटवर बसतात. वर गेलं की कागदाची सळसळ, मग मोहरीचा वास... आणि पुढे मी घामाघूम! बेकरी सांभाळून बावन्नाव्या वर्षी सुचलेली ही हौस, इंजिन नाही, काही नाही, आणि मी विचारते, "डावीकडे वळू का हो?" तर मागून शांतपणे, "उडवतंय कोण?"

झालं शिक्षण!

मी गेले क्लबच्या अध्यक्षीणबाईंकडे. एडेलगार्ड, म्हटलं, मला शिक्षक बदलून द्या. तर ती म्हणाली, आम्ही सगळे त्यांच्याच हाताखालचे, चाळीस वर्षांत एकाचंही हाड मोडलेलं नाही. चष्मा मोडलाय, दोनदा, पण तो हार्टविगचाच.

मग शनिवारी विंचच्या, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोराने ग्लायडर वर खेचलं, नाक आभाळात, शंभर मीटर झाले असतील नसतील, आणि खाडकन... दोर गेला! मी नाक खाली, वेग बघितला, पुढे उरलेल्या गवतावर टेकवलं आणि मग तोंड सोडलं. दोर तपासतं कोण, माणसं मारायचीत का? तर मागून, "दोर धडधाकट आहे. मीच सोडला."

मेले असते ना हो मी!

"मीही मागेच होतो. मला दुपारचा केक खायचा होता. आणि नाक खाली केलं कुणी? तोवर माझ्या तर दोन्ही हातांत पाव."

एवढं बोलून हे उतरले. उतरून रिकाम्या मागच्या सीटचे पट्टे नीट आवळून बांधायला लागले. पट्टे बांधले म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आता एकटीनं जायचं!

"अहो, मला भीती वाटतेय."

"वाटत नसती तर मी उतरलो नसतो," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावरचं काचेचं झाकण लावलं.

गेले वर. दोर सुटला, सगळं शांत. सवयीनं विचारलं, "वळू का हो?" मागून चकार शब्द नाही! आणि तुम्हाला सांगते, साडेतीनशे मीटरवर मी एकटीच खो खो हसत सुटले. उडवतंय कोण? मी! अहो, मी!

अशा तीन फेऱ्या झाल्या. उतरल्यावर आमच्या रीतीप्रमाणे अख्खा क्लब रांगेत, आणि प्रत्येकाचा एकेक सणसणीत फटका पार्श्वभागावर. का, तर म्हणे वर जाणारी हवा तिथंच आधी कळते! तेवीस माणसं हो! शिवाय काटेरी रानफुलांचा गुच्छ, तोही उघड्या हातात धरायचा.

मग हार्टविगनी उड्डाणवही पुढे केली. वैमानिकाच्या रकान्यात माझं नाव, शेजारचा शिक्षकाचा रकाना कोरा. उभ्यानंच सही केली, बसायची सोय होती कुठे? सही केली आणि लख्ख कळलं, आता वर काही चुकलं तर भांडायचं कुणाशी? माझ्याशीच. आणि माझ्याशी भांडून आजवर कुणी जिंकलंय का!