चारही सिलिंडर एकदम

समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आपल्या वर्कशॉपचे व्यवस्थापक, प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या प्रशिक्षण केंद्राच्या प्राचार्या, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळे नुसतं उस्ताद म्हणतो, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आपल्या काकू, आणि नखांतलं ग्रीस दिसू नये म्हणून हात घडी घालून बसलेले माझे सर्व सहकारी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. घड्याळ समोर ठेवलं आहे.

आधीच्या वक्त्यांनी उस्तादांच्या कानाचं कौतुक केलं. गाडी फाटकातून आत येतानाच ते सांगतात, तिसरा प्लग गेलाय. त्यात अतिशयोक्ती नाही; मी मोजलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी गुपचूप नोंद ठेवली होती. त्रेचाळीस गाड्या, एकीकडे गाडीतला दोष शोधणारा माझा स्कॅनर, एकीकडे उस्ताद. एकोणचाळीस वेळा ते बरोबर निघाले. त्यांना हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. ते एवढंच म्हणाले, "उरलेल्या चार कुठल्या? परत बोलाव त्यांना."

स्कॅनरला ते आजही डबा म्हणतात. "काय गं, तुझा डबा काय म्हणतोय?" सहा वर्षं माझी सकाळ या प्रश्नाने सुरू झाली. माणसाला याहून सन्मानाने वागवता येतं का? येत असेल. मला तेवढं पुरलं.

आता त्यांच्या गाडीविषयी. आज सकाळपासून तीन जणांनी मला विचारलं, आणि तिच्या दुरुस्तीचं जॉब कार्ड माझ्या नावावर आहे, म्हणून बोलणं भाग आहे. काकूंची परवानगी आहे. काल त्या म्हणाल्या, "सांग सगळं. नाहीतर लोक म्हणतील, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या नीट केल्या आणि घरचीच जमली नाही."

प्राचार्याबाईंना ती गाडी माहीत नसेल. सव्वीस वर्षांची आहे. एका अपघातानंतर काकूंचे पाय पेडलवर चालेनासे झाले, तेव्हा उस्तादांनी ती उघडली. नव्या गाडीचं इंजिन बसवलं, क्लच नसलेला गिअरबॉक्स घातला, आणि स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला एक दांडा दिला. ओढला की रेस, ढकलला की ब्रेक. नऊ वर्षं काकू ती गाडी स्वतः चालवत शाळेत शिकवायला जात आल्या.

अकरा आठवड्यांपूर्वी गाडी मिसिंग करायला लागली. चालता चालता अडखळायची, धक्के द्यायची. काकू चालवत असताना. उस्तादांनी फेरी मारली की काही नाही. ते म्हणाले, इंजिन तापल्यावर होत असेल. प्लग बदलले. कॉइल बदलली. इंजेक्टर साफ केले, वायरिंग फूटफूट तपासलं, अर्थिंगची तार नवीन टाकली. दर वेळी गाडी घरी गेली, दर वेळी काकू परत आल्या. शेवटी उस्तादांनी कार्ड माझ्यापुढे टाकलं. "बघ, तुझ्या डब्याला काही सुचतंय का."

मी काकूंच्या शेजारी बसले, मांडीवर स्कॅनर जोडलेला लॅपटॉप घेऊन. प्लग किंवा कॉइल गेली तर एक सिलिंडर मागे पडतो, बाकीचे तीन त्याला ओढतात. पडद्यावर तो खड्डा ओळखता येतो. इथे चारही सिलिंडर एकदम खाली जात होते, एकदम वर येत होते. सेकंदाला पाच वेळा. आणि प्रत्येक वेळी त्यांच्या किंचित आधी दांड्याकडून येणारी रेघ खाली-वर होत होती. इंजिन अडखळत नव्हतं. त्याला जे सांगितलं जात होतं, तेच ते करत होतं.

मी दांड्याकडे पाहिलं. मग दांड्यावरच्या हाताकडे.

काकूंनी गाडी कडेला घेतली. "दिसलं ना तुला?"

"हो."

"मी इतके आठवडे सांगतेय, गाडीला काही झालेलं नाही. तर म्हणतात, तुला गाडीतलं काय कळतं." त्या हसल्या. "आता तूच दाखव. कागदावर."

मी आलेखाचा कागद काढला, पण उस्तादांना दाखवला नाही. तीन दिवस लावले. दांड्याचा सेन्सर बदलून पाहिला, माहीत असून. रेघ तशीच आली. चौथ्या दिवशी उस्तादांनीच कागद मागितला. डब्यावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने तो आलेख इतका वेळ पाहिला की मला वाटलं, त्यांना वाचता येत नाही. त्यांना वाचता येत होता.

"यात फिल्टर टाकता येईल ना? दांडा कितीही हलू दे, इंजिनला सरळ रेघ गेली पाहिजे."

"येईल."

"किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं."

"मग टाक."

मला एवढंच म्हणायचं होतं की टाकते. मी म्हणाले, "उस्ताद, ब्रेकही त्याच हाताला आहे."

उस्ताद गाडीकडे वळले. बोनेट लावलं. ते बोनेट नेहमी वरून सोडून देतात, सगळ्या वर्कशॉपला कळतं की एक गाडी झाली. त्या दिवशी दोन्ही हातांनी दाबून लावलं. आवाज आला नाही.

काकूंच्या तपासण्या झाल्या. हात बरा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्याबद्दल मला अधिक माहिती नाही, म्हणून अधिक बोलत नाही.

कार्ड माझ्याकडेच आहे. तक्रार: मिसिंग. निदानाच्या रकान्यात उस्तादांच्या अक्षरात आहे: इंजिन ठीक. उपायाचा रकाना कोरा आहे. परवा ते म्हणाले, "मी जायच्या आत बंद करून टाक ते." उपाय लिहिल्याशिवाय कार्ड बंद करायचं नाही, हे मला कोणी शिकवलं? आधीच्या वक्त्यांनी ज्यांचं कौतुक केलं, त्यांनीच. तेव्हा उस्ताद, तुमचा शेवटचा आदेश माझ्याकडून पाळला गेलेला नाही. कार्ड उघडंच आहे.

आज सकाळी ती गाडी फाटकातून आत आली तेव्हा मी तिथेच उभी होते. एकदाही अडखळली नाही. वॉचमनकाका खुशीत म्हणाले, "झाली वाटतं एकदाची दुरुस्त." उस्ताद चालवत होते. काकू डाव्या बाजूला बसल्या होत्या, उजवा हात डाव्या हातात धरून.

मी वॉचमनकाकांना हो म्हणाले.

अध्यक्षांनी बोलण्याची संधी दिली, प्राचार्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, काकूंनी परवानगी दिली, तुम्ही सगळे आपापली कामं सोडून बसलात. सर्वांची मी आभारी आहे. पाचाच्या ऐवजी सात मिनिटं झाली. त्याबद्दल, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल त्याबद्दल, आणि त्या कोऱ्या रकान्याबद्दल मला माफ करावं.