काढू म्हणजे कसं काढू

अनंतराव : ...घरून नाही गं, खाली मीनाताईंच्या फोनवरून बोलतोय. आपला फोन इंटरनेटनं अडवलाय ना.

मेधा : अय्यो बाबा, म्हणजे काम अजून झालंच नाही? इथे जामबागेत, कॉलेजात, प्रिन्सिपॉल माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसलेत. प्रवेशाचं नवं पान कधी दिसेल, एकच लावलंय. नोकरी सोडल्यावरचं पहिलं काम आहे माझं.

अनंतराव : सुरू केलं मी. सारंगनं लिहिलेला तो पानं चढवायचा प्रोग्राम लावला. इंग्रजी अक्षरांत मराठी विचारतो, "नवी पानं सर्व्हरवर पाठवू का?" मी हो म्हटलं. गेली.

मेधा : मग?

अनंतराव : मग विचारतो, "जुनी प्रत काढू का?"

मेधा : हौ म्हणा ना! सकाळी काय सांगून आले? जे विचारेल त्याला एच दाबा. 'हो'चा एच.

अनंतराव : सांगितलंस. माझंच चुकत असेल. पण काढू म्हणजे कसं काढू?

मेधा : बाबा!

अनंतराव : रागावू नकोस. तीस वर्षं कोर्टात उर्दू दस्तऐवजांचे तर्जुमे केले, ती खोड जात नाही. दस्ताची प्रत काढतात, तेव्हा आणखी एक तयार होते. दात काढतात, तेव्हा होता तोही जातो. हा नक्की काय करणार?

मेधा : दात काढणार! जुनं पुसणार. पुसायची ओळ मीच घातलीय. प्रश्न तेवढा तुमच्या लेकाचा.

अनंतराव : लेकालाही पुसायचंच होतं का?

मेधा : अर्थात. त्याला... थांबा.

अनंतराव : थांबलोय.

मेधा : पुण्याला निघताना तो म्हणाला होता, आधी जुन्याची एक प्रत काढून ठेवायची, प्रश्न लिहिलाय, पुढचं तू भर. मी घाईत तेवढा प्रश्नच वाचला आणि... बाबा, सकाळपासून पोरांनी भरलेले अर्ज त्या जुन्यातच आहेत.

अनंतराव : किती?

मेधा : तीनशेच्या वर. सायबर कॅफेत रांगा लावून भरलेत बिचाऱ्यांनी. दुसरीकडे कुठेच नाहीत ते. तुम्ही एच दाबला नाही ना? खरं सांगा.

अनंतराव : काहीच दाबलं नाही. त्याचीच तर लाज वाटत होती. एक अक्षर दाबायचं, तेही जमेना. मीनाताईंना म्हटलं, सून परेशान होईल, पण विचारतोच.

मेधा : आता वर जा आणि एन दाबा. 'नाही'चा एन. मग नेट बंद करा, मी घरी फोन करते.

अनंतराव : छोटा एन की मोठा?

मेधा : कुठलाही.

अनंतराव : आणि मी वर पोचेपर्यंत लाईन तुटली तर?

मेधा : तर काहीच पुसलं जाणार नाही. सावकाश जा, बाबा. जिन्यात घाई नको.

(वीस मिनिटांनी. आता घरचा फोन.)

मेधा : दाबलं?

अनंतराव : दाबलं. एकदाच. "काम झाले" असं आलं. तीनदा वाचलं मी. खरंच झालंय ना?

मेधा : झालंय. नवं पान दिसतंय इथे. आणि जुने अर्ज जागच्या जागी आहेत, आत्ताच उघडून पाहिले.

अनंतराव : सगळे?

मेधा : सगळे.

अनंतराव : बरं झालं. प्रिन्सिपॉल रागावले असतील.

मेधा : चहा मागवलाय त्यांनी. विचारत होते, एवढा उशीर का. मी म्हटलं, आमच्याकडे एक जण आधी प्रश्न समजून घेतात, मगच उत्तर देतात.

अनंतराव : नाव नाही ना सांगितलंस?

मेधा : सांगितलं की.

अनंतराव : अगं, कशाला! उद्या काही चुकलं म्हणजे?

मेधा : चुकायला नको म्हणूनच सांगते, ऐका. त्या प्रोग्राममध्ये दुसऱ्या कामांसाठी असे आणखी दहा प्रश्न आहेत. सारंग लिहितो एक, मी समजते दुसरं. मी येईपर्यंत सगळे वाचा. जिथे शंका येईल, तिथे ती लिहून ठेवा. टेबलावर पाठकोरा कागद आहे.

अनंतराव : एका कागदात मावायच्या नाहीत गं. वही घेतो.