खिडकीपर्यंत

आईचं ऑपरेशन उद्यावर आलेलं, म्हणून मास्तरीणबाई कागद मांडीवर घेऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. बायपास झालेले एक शिंपी लेकीचा हात धरून समोर येऊन थांबले.

“बाबा, आज खिडकीपर्यंत जायचंय.”

“काल तर दारापर्यंतच होतं.”

“ते कालचं झालं.”

“टाके ओढतात गं.”

“डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस ओढणारच.”

“शिवण घाईत घातलीय त्यांनी. गिऱ्हाइकाने माझ्या तोंडावर फेकली असती.”

“हसू नका. हसायचंच असेल तर आधी बगलेतली उशी छातीशी धरा, म्हणजे टाके ताणणार नाहीत.”

“तू जेवलीस का?”

“तुम्ही खिडकीपर्यंत गेलात की जेवते.”

“सकाळपासून उपाशी आहेस?”

“हो.”

“मग आधी नाही का सांगायचं? चल, उचल पाय.”