फोटोत न आलेला तारा

सन्माननीय अध्यक्ष आणि माजी प्राचार्य डॉ. रवींद्र सर, व्यासपीठावरील विश्वस्त, भौतिकशास्त्र विभागातले सहकारी, आणि कल्याणच्या या सभागृहात पंखे बंद पडूनही बसून राहिलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मघाशी आमचा अनिमेष म्हणाला, "नीरजा मॅडमच्या नजरेतून एकही गुणी विद्यार्थी सुटला नाही." बाळा, आभारी आहे. पण एक सुटली. सुटली कसली, मीच सोडली.

रसिका. टिटवाळ्याची, एम.एस्सी.ला माझ्याच मार्गदर्शनाखाली होती. तिचा प्रकल्प महाकाय ताऱ्यांच्या जन्मावर. आता हे तारे जन्मतात कुठे? थंड, दाट धुळीच्या ढगात, पार आत. डोळ्यांना दिसणारा प्रकाश तिथून बाहेर येतच नाही. असा तारा आपल्याला दिसेपर्यंत त्याचं घडणं उरकलेलं असतं. त्याचं बालपण पाहायचं तर अवरक्त किरण आणि रेडिओ लहरी, दुसरा इलाज नाही. रसिकाने मोठ्या दुर्बिणींची सर्वांना खुली असलेली माहिती चार महिने चाळली आणि एका काळ्या ठिपक्यातून येणारा मिथेनॉलचा रेडिओ संकेत शोधला. तो असा तारा जन्मतो तिथेच मिळतो.

आणि आपल्या विभागाचा नियम काय? पहिल्या पानावर गच्चीवरच्या दुर्बिणीतून काढलेला फोटो हवाच. तिने चिकटवला. काळा. रवींद्र सर, परीक्षक आपणच होतात, आठवतंय ना? आपण म्हणालात, "अगं, यात तारा कुठाय? झाकण काढायला विसरलीस की काय?" सगळे हसले. मीही हसले. मला सगळं ठाऊक होतं हो! पण त्याच आठवड्यात माझं विभागप्रमुखपदाचं पत्र आपल्या सहीसाठी टेबलावर होतं. 'निष्कर्ष सिद्ध नाही' या शेऱ्याखाली मी सही केली. त्या गुणांपायी तिचा पीएच.डी.चा प्रवेश हुकला. दोन वर्षांनी परदेशातल्या एका गटाने तोच ठिपका जाहीर केला. त्यावर आपण फार सुंदर व्याख्यान दिलंत, सर.

राग मानू नका. तुमच्यापेक्षा मला माझीच चीड येते.

शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळ्यासाठी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. रसिकाची क्षमा मागायला मी गेल्या रविवारी तिच्या घरी गेले होते. तिने चहा दिला, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, चारला माझा दहावीचा क्लास असतो. पोरं खाली थांबलीयेत. निघते हं मी."

मी उठले आणि आले.

धन्यवाद.