कोबाल्टच्या खोलीतला माठ

…आन् वर तोंड करून म्हनतात कसं, "साहेब, आजवर काय झालं का? न्हाई ना? मग!" आता ह्याला काय बोलावं मानसानं? तुम्हीच सांगा! न्हाई, हसू नका, तुम्ही पुढच्या रांगेतले, तुम्हालाच म्हनायलोय, हे तुमच्या डोक्यावर आलं असतं तर हसले असते का? बिचारा रुद्रेश… रुद्रेश कोन? हात्तिच्या, ते सांगायचंच राहिलं. माझं हे असंच, राग आला की गोष्ट शेपटाकडून धरतो.

तर रुद्रेश म्हंजी आमच्या गल्लीतला भाडेकरू. लातूरला एक ट्रस्टचा दवाखाना हाय, नाव घेत न्हाई, उगं कशाला, तर तिथला हा किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी. हुद्दा एवढा लांब की पाटीवर मावंना, म्हनून पेंटरनं 'सुरक्षा' तेवढं मोठ्या अक्षरात काढलं आन् बाकीचं खाली मुंगीएवढं, आन् लोकं यायचे ते ह्यालाच इचारायचे, "ओ, गाडी कुठं लावू?" एम.एस्सी. झालेला मानूस! पन गाडी कुठं लावायची ते सांगायचा हो, स्वभावच गरीब.

त्या दवाखान्यात कॅन्सरच्या पेशंटला शेक द्यायची एक जुनी मशीन. तिच्या पोलादी डोक्यात शिशाच्या आत अंगठ्याएवढा कोबाल्टचा तुकडा. आता वरच्या मजल्यावर नवी मशीन आली, जुनी बंद झाली. बंद झाली म्हंजी काय? पेशंट बंद झाले. कोबाल्ट कुठं बंद होतंय? तो काय बल्ब हाय का, बटन दाबलं की इझला? तो आपला आत चोवीस तास जळायलाच. म्हनून कायदा असा, की मुंबईचे अणुऊर्जेचे साहेब येनार, त्यांच्या डोळ्यांदेखत तो तुकडा शिशाच्या पेटीत घालून, पोलीस बंदोबस्तात माघारी जानार, आन् तवर खोलीला कुलूप, आन् त्या कुलपाची जिम्मेदारी कोनाची? रुद्रेशची! तुकडा गेल्याबिगर त्याला नोकरी सोडता येत न्हाई.

आन् त्याला तर सोडायचीच होती! नांदेडला दुसऱ्या दवाखान्यात नोकरी ठरलेली, बायको तनुजा तिकडं विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवते, लग्न झाल्यापासनं दोघांचा संसार लातूर-नांदेड एसटीच्या खिडकीत! शनवारी जायचं, सोमवारी पहाटं परत. तनुजा फोनवर काय म्हनायची म्हाईत हाय का? "अहो, तुमच्या त्या कोबाल्टबाईला सोडचिठ्ठी कधी देताय? सवत बरी हो एकवेळ, सवतीला माहेर तरी असतं!" आता बाईमानूस हसून बोलतंय, पन ते हसनं आपल्याला कळतं का न्हाई? रुद्रेशला कळायचं.

बरं, खोलीला कुलूप हाय, मग अडचन काय? अडचन भिंतीची! आतले किरन बाहेर जाऊ नयेत म्हनून त्या खोलीच्या भिंती मानूसभर जाड. आता किरन बाहेर जात न्हाईत तर लातूरचं ऊन आत कसं यील? मे महिन्यात सगळं गाव भट्टीत, लाईट गेलेली, पंखे मान टाकून बसलेले, आन् ही एक खोली थंडगार! झालं! पयला घुसला तो कोंडाबाईचा माठ. कोंडाबाई म्हंजी दवाखान्याची स्वयंपाकीन. रुद्रेश म्हनला, "मावशी, वर पाटी बघा, धोका लिहिलंय." ती म्हनते, "लिहू द्या की साहेब, माठ झाकूनच ठिवलाय!"

मग पंढरी वॉचमन आला. भिंतीवर एक यंत्र, किरन वाढले की कुईंकुईं वरडायचं, त्याच्यासाठीच लावलेलं. पंढरीनं त्याची पिन उपसली आन् मोबाईल चार्जिंगला लावला! रुद्रेश धावत आला. "अरे पंढरी, हे वाजलं नाही तर धोका कळणार कसा?" तर पंढरी, कानात काडी घालत, "साहेब, वाजलं तरी आपन काय करनार? पळनारच ना? मग ते काय न वाजता बी पळता येतंय. आन् आजवर काय झालं का? न्हाई ना? मग!"

तुम्ही म्हनाल, अहो पन कुलूप? कुलूप होतं हो! पन दुसरी चावी मालकाकडं. मालक म्हंजी ट्रस्टचे अध्यक्ष मडिवाळप्पा शेठ, दाळमिलवाले, मूळचे उदगीरकडचे, कपाळाला विभूती, पोट असं की मानूस वळला तरी पोट मागनं सावकाश वळायचं. हे शेठ दुपारी जेवून त्या खोलीत झोपायला जायचे! आन् झोपायचे कुठं? ज्या टेबलावर कॅन्सरच्या पेशंटला झोपवायचे त्याच टेबलावर, मशीनच्या डोक्याखाली, पोट वर करून, घर्र… घर्र…! रुद्रेश हात जोडून, "शेठ, किरण दिसत नसतात हो." शेठ डोळा न उघडता, "अय्यो रुद्रेश, दिसत न्हाईत त्येला भ्यायचं कशाला? देव बी दिसत न्हाई." "पण देवाला भिताच की तुम्ही!" "देव कोपतो रे. ही मशीन गरीब हाय. आजवर काय झालं का? न्हाई ना? मग!" आन् कुशीवर वळले. दसऱ्याला तर ह्याच गरीब मशीनला हळद-कुंकू लावून तिच्या डोक्यावर नारळ फोडायला निघाले! डोक्यावर! रुद्रेश मधी आडवा पडला, म्हनला, तिच्याऐवजी माझ्या डोक्यावर फोडा.

पन एकदा मात्र त्याचं टाळकं सटकलं. शेठनं भंगारवाला आनला होता. म्हनले, "मुंबईवाले कवा येतेत काय म्हाईत, हा आजच उचलतो." रुद्रेश दारात उभा राहिला आन् गरजला, "शेठ, तो तुकडा बाहेर निघाला तर हा भंगारवाला मरेल, याची बायको मरेल, जो जो हात लावेल तो झिजून झिजून मरेल, आणि कशानं मेला ते डॉक्टरला कळायच्या आत अर्धी गल्ली झोपेल!" तवा भंगारवाला पळाला. भंगारवाला, ज्याला शाळेची पायरी म्हाईत न्हाई, तो पळाला, अध्यक्ष म्हनले, "चांगलं गिऱ्हाईक घालिवलं."

आला बाबा एकदाचा मुंबईचा निरोप. अमुक दिवशी येतो, तुकडा नेतो, खोली रिकामी आन् साफ पायजे. काय धावपळ, काय धावपळ! सगळ्या दवाखान्याला चुना मारला, झाडांच्या बुडांना गेरू लावला, दारात रांगोळी काढली आन् कशाची म्हाईत हाय का? ती धोक्याची तीन पाकळ्यांची खूण! पिवळा रंग, काळा रंग, मधी झेंडूचं फूल, खाली 'सुस्वागतम्'! इतके वर्ष त्या खुनेला कुत्रं इचारत नव्हतं, आता लोकं तिच्यासंगं फोटो काढायले.

आन् नशीब बगा मानसाचं! त्याच दिवशी पुरवठ्याचे साहेब मिलवर धाड घालनार अशी शेठच्या कानावर कुनकुन आली. डाळ-तुरीचा साठा किती ठिवायचा ह्याला सरकारी मर्यादा असते, आन् मर्यादा आन् शेठ ह्यांची कवा ओळख न्हाई. मग तुरीची पोती कुठं लपवावी? जिथं कोनता बी सरकारी साहेब पाय ठिवनार न्हाई अशी जागा लातुरात एकच! वर पाटी, 'धोका, आत येऊ नये'! पहाटं पहाटं टेम्पो लावला आन् सगळी पोती मशीनच्या डोक्याच्या वर जाईस्तोवर रचली. दोन साहेबांतला एक पाटीला भिनारा, एक न भिनारा, आन् न भिनारा त्याच दिवशी यायलाय, हे शेठच्या ध्यानातच न्हाई!

सकाळी रुद्रेशनं दार उघडलं. मशीन दिसंना! नुस्ती तूर! आन् गेटवर गाडी उभी, पोलिसाची जीप उभी, मुंबईचे आनंदराज साहेब खाली उतरायलेत. तुम्हाला सांगतो, त्या गरीब मानसाच्या डोळ्यांपुढं पयली तनुजा आली. खरं बोलावं, तर साहेब माघारी जानार, पुन्हा नंबर कवा लागंल देव जाने, आन् तवर तो तुकडा तिथंच, शेठ त्याच्या खाली घोरत, भंगारवाला कोपऱ्यावर टपलेला! खोटं बोलावं, तर हीच का ती सुरक्षा? काय करावं? तुम्ही काय केलं असतं? ह्यानं आयुष्यात पयल्यांदा शेठच्या कानात सांगितलं, "शेठ, सत्कार करा. आणि भाषण लांबवा!"

आता हे काम शेठला सांगायला पायजे का? शाल घातली, नारळ दिला, फेटा बांधला, आन् सुरू केलं थेट महात्मा बसवेश्वरांपासनं! तिकडं पुढून भाषन चालू आन् हिकडं मागच्या दारानं रुद्रेश, पंढरी, कोंडाबाई पाठीवर पोती घेऊन पळायलेत, टाका ॲम्बुलन्समधी! सुरक्षा अधिकारी घामानं न्हायलाय, अंगाला तुरीचा भुस्सा, आन् भोंग्यातनं शेठचा आवाज, "आमच्या संस्थेत सुरक्षेला पयलं स्थान हाय!" तेवढ्यात एक पोतं फाटलं. सर्रर्र! सगळ्या फरशीवर तूर. कोंडाबाईनं कुंच्यानं लोटली, पन मशीनखालची राहिलीच.

साहेब आत आले. डोक्यावर फेटा, हातात मोजायचं यंत्र. खाली वाकले. दोन बोटांत तुरीचा दाना धरला. "हे काय?" आन् मडिवाळप्पा शेठ, अहाहा, काय मानूस, डोळ्यांत पानी आनून म्हनतो, "नैवेद्य, साहेब. इतके वर्ष लोकांची सेवा केली तिनं, उपाशी कशी लावावी वाटंला?" साहेबानं शेठकडं बगितलं, रुद्रेशकडं बगितलं, चार्जिंगला लावलेल्या पंढरीच्या मोबाईलकडं बगितलं, माठाकडं बगितलं. आता फुटंल, मग फुटंल… आन् साहेब म्हनले काय? "सुधारणेला वाव आहे." बस! एवढंच! का? तर फेटा बांधून घेतला होता ना! आन् आत पुरनपोळी वाट बगायली होती. वारे देखरेख! देखरेख म्हंजी सगळं देखायचं आन् रेघ बी ओढायची न्हाई.

पन तुकडा गेला हो! पेटीत बसला, पुढं जीप, मागं जीप, सगळं गाव रस्त्याच्या कडंला. आन् मग गंमत. पोलीस बगितले, ती शिशाची पेटी बगितली, तवा कुठं लोकांना भ्या वाटलं. रुद्रेशनं खोली कोपरा न कोपरा मोजली, म्हनला, "आता आत काही नाही, तुमच्या देवघराइतकी साफ आहे, खुशाल बसा." कोन बसतंय? पंढरी इमारतीला वळसा घालून जायला लागला. कोंडाबाईनं माठ तिथंच सोडला, नवा आनला. शेठ व्हरांड्यात वला टावेल डोक्यावर घेऊन घाम गाळायलेत, "शिवा शिवा, त्या खोलीत मरायला जाऊ का मी?" काय म्हनावं ह्या लोकांना? होतं तवा त्याच्याखाली घोरले, आता न्हाई तर पळायलेत!

आन् ती तूर? शेठनं रुद्रेशला बाजूला घेऊन इचारलंच, "खाल्ली तर काय होतंय का रे?" रुद्रेश म्हनला, "काही होत नाही, किरण तुरीला चिकटत नसतात." शास्त्र हाय, खरं हाय. पन शेठनं घरी एक दाना नेला न्हाई. सगळी भरडून बाजारात! आता लातूरची डाळ कुठं कुठं जाते तुम्हाला म्हाईतच हाय. काल वरन खाल्लं का? अहो, बसा, बसा, उठताय कुठं! आजवर काय झालं का? न्हाई ना? मग!

असो. रुद्रेश सुटला. ट्रंक बांधली, नांदेडची एसटी धरली, सोमवारी पहाटं परत यायचं न्हाई म्हनून खिडकीत बसून लहान लेकरावानी हसला. दुसऱ्या दिवशी तनुजानं स्कूटीवर त्याला नव्या दवाखान्यात सोडलं, म्हनली, "संध्याकाळी लवकर या, धपाटे करते." हा आत गेला. तिथली मेट्रन, महामायाबाई, लई मायाळू, म्हनली, "सर, उन्हातनं आलात, आधी पानी घ्या." तांब्या-गिलास पुढं केला. ह्यानं एक घोट घेतला. बर्फावानी! "फ्रिजचं का?" "न्हाई हो सर, माठाचंच. आपली खाली एक खोली हाय, जुन्या मशीनची. मशीन कवाची बंद पडलीय, पन खोली लई गार राहते बगा…"

गिलास व्हटाला तसाच राहिला. रुद्रेश हळूच म्हनला, "आतलं कोबाल्ट नेलंय ना?" महामायाबाई हसली, "कोन न्यायलंय सर! तुम्ही आलात, आता तुम्हीच बगा. पन आजवर काय झा—" "नका सांगू," रुद्रेश म्हनला. "पुढचं पाठ आहे." मग उरलेलं पानी गटागटा प्याला, गिलास खाली ठिवला, खिशातनं फोन काढला आन् बायकोला लावला. "तनुजा, धपाटे झाकून ठेव. सवत माझ्या आधी नांदेडला पोचलीय."