शेवंताचं पान

तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं. सातवीत असताना मामेभावाने आम्हा मैत्रिणींना एक खेळ शिकवला. प्रत्येकीने गोष्टीतलं एक पात्र व्हायचं, त्याची ताकद आणि हिंमत एका पानावर लिहायची, मग फासे टाकायचे. माझं अक्षर चांगलं, म्हणून सगळ्यांची पात्रं ठरवून पानं मीच लिहिली; मी स्वतः राणी झाले.

बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येणाऱ्या शेवंताने तिचं पान वाचलं.

"बैल हाकणारी? मला काहून हे?"

"तुमचे पणजोबा बैल हाकायचे ना? तुला बराबर जमंल."

"आन् तुझे?"

"शेती करायचे."

"मंग तू राणी कशी?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी राणीचं पान घेऊन गेले.

"पुन्हा तूच लिवलंस," ती म्हणाली. त्यानंतर ती खेळायला आली नाही.

तिला कोण व्हायचं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.