अजितच्या पोटातली पीं

...आणि वर मलाच म्हणतात, वसुमती अक्कांना लोकांच्या घरात कान लावायची सवय आहे. अहो, भिंतीच अशा पातळ बांधल्यात बिल्डरने, शेजारी कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बंद करते. उठून कुठे जात नाही मी, पण कान आहेत ना मला.

तुम्ही नवीन आलात, म्हणून सांगते. तुमच्या खाली, माझ्या शेजारी, तो अजित. पुण्याचा. इथे मारतहळ्ळीला कंपनीत होता, येताना बाइक घसरली, पाठीचा कणा गेला, आता चाकाच्या खुर्चीत बसून घरूनच काम. पाय चालत नाहीत, पण स्वस्थही बसत नाहीत. मध्येच लाकडासारखे ताठ होतात, त्यालाच खुर्चीतून फेकायला बघतात. म्हणून डॉक्टरांनी पोटाच्या कातडीखाली एक डबी बसवलीय. तिच्यातून नळी पाठीत, औषध थेंब थेंब जातं, पाय सैल राहतात. संपत आलं की हॉस्पिटलात जाऊन सुईने भरून आणायचं. आणि संपत आलं की डबी वाजते. पीं. एकदाच. मग बराच वेळ गप्प.

हे सगळं मला नंतर कळलं. तो कशाला सांगतोय? त्याची बायको वासंती आईकडे गेली, 'थोडे दिवस' म्हणून. थोड्या दिवसांसाठी कुणी मिक्सर नेतं का? मी विचारलं नाही.

तर गेल्या महिन्यात चित्रान्न, आपला लिंबाचा भात हो, घेऊन गेले त्याच्याकडे. लाइट गेलेली. आपल्याकडे लाइट गेली की घरोघर पंखे-दिवे चालवणारे यूपीएस वाजायला लागतात, ऐकलं असेलच तुम्ही. म्हटलं, "तुझं काय रे वाजतंय?" तर म्हणतो, "यूपीएस हो अक्का, परवापासून मधूनमधून वाजतोय, बॅटरी गेली वाटतं." आणि कानाला हेडफोन. सरी, असेल बाबा, म्हटलं. बसले. लाइट आली, सगळ्या बिल्डिंगचे यूपीएस गप्प झाले. आणि पुन्हा... पीं. मी यूपीएसला कान लावला. नाही. फ्रिजला लावला. नाही. मग खुर्चीशी वाकले तर... "अरे अजित, हे तुझ्या पोटात वाजतंय रे."

तोंड असं उतरलं त्याचं. भरायची तारीख त्यानेच पुढे ढकललेली. वासंती येईल, ती नेईल. ती कुठली यायला? "मला सांगायचं नाही का?" म्हटलं. तर म्हणतो, "तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत के. आर. पुरम स्टेशनात कळलं असतं, बायको गेली म्हणून."

घ्या. म्हणजे माझ्या तोंडाच्या भीतीने पोरगा डबी कोरडी करून बसला असता. टॅक्सीत घालून नेला. सिग्नलला पाय ताठ व्हायला लागले, मी दोन्ही गुडघे दाबून धरलेले, आणि तो खिडकीबाहेर बघत, जसे काही पाय दुसऱ्याचेच. नर्सने मलाच झापलं, "स्वल्प आधी आणायचं ना अम्मा? कोरडी पडली तर ताप चढतो, माणूस हाती लागत नाही. घरात कुणाला ऐकू येत नाही का?" कान आहेत ना मला.

परत येताना त्याने वचन घेतलं, डबीचं कुणाला सांगायचं नाही, वासंतीचं तर नाहीच. दिलं मी. पण एकटी किती ऐकणार? उद्या मुलीकडे म्हैसूरला गेले तर? एवढ्या कलकलाटात ती एक पीं बुडाली तर? म्हणून खालच्या श्रीविद्याला सांगितलं. मग समोरच्या उमाकांतना. मग... राहिलंय कोण. वासंतीचं मात्र नाही सांगितलं, ते सगळ्यांना आधीच माहीत होतं.

आता तुम्हीही लक्षात ठेवा. लाइट गेली की आधी आपला यूपीएस बंद करायचा. पंखा नाही, टीव्ही नाही, बाल्कनीचं दार उघडून गप्प बसायचं. आम्ही सगळे असेच बसतो, घामाघूम, अंधारात, एका माणसाच्या पोटाकडे कान देऊन. त्याच्या यूपीएसचं वाजणं तर मी इलेक्ट्रिशियनकडून काढूनच टाकलंय.

परवा मला म्हणतो, "अक्का, लाइट गेली की माझ्या एकट्याच्याच घरात पंखा फिरतो. तुम्हा सगळ्यांचे यूपीएस एकदमच कसे हो बिघडतात?"

म्हटलं, "स्वस्तातले घेतले रे बाबा. काय करणार."